तीन महिन्यांची साखर

लॅबचे अहवाल शुक्रवारी आले आणि रविवारी दुपारी दोन्ही मुलं घरात हजर होती. एरवी त्यांना एका दिवशी एका टेबलाशी बसवायचं म्हणजे त्यांच्या आईला, थोरलीला, महिनाभर आधीपासून दोन्हीकडे फोन करत राहावं लागे, आणि तरीही ऐन वेळी एकाचं काहीतरी निघेच. या वेळी कोणी बोलावलंसुद्धा नव्हतं. मुलगा लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत होता, रविवारीही त्याचा फोन सारखा वाजे. आज तो बंद करून आला होता. मुलगी ग्रंथपाल. तिने लॅबची माहितीपत्रकं पेन्सिलने खुणा करून आणली होती आणि समासात बारीक अक्षरात प्रश्न लिहिले होते.

जेवणं झाली. आत्याने टेबल पुसलं आणि तिथेच, खिडकीकडच्या आपल्या खुर्चीवर बसली. आत्या म्हणजे मुलांच्या वडिलांची, काटेवाल्यांची, धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही, एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, आणि निवृत्त झाल्यावरही फोन उचलताना आवाज असा काढी की समोरचा आधी माफी मागे. थोरली तिला वन्सं म्हणे. थोरली लग्न होऊन आली, पाठोपाठ धाकटी जाऊ आली, आणि या घरात दोन सुना झाल्या. धाकटी तीन वर्षांतच नवऱ्याला घेऊन वेगळी झाली, पुढे दोघं दूरदेशी गेली, पण थोरली ती थोरलीच राहिली. कोणापेक्षा थोरली, हे आता कोणी विचारत नव्हतं.

काटेवाले टेबलाच्या टोकाला बसले होते. त्यांच्या अहवालाचा कागद त्यांनी घडी न घालता समोर ठेवला होता, सगळ्यांना दिसेल असा.

मुलाने तो पुन्हा एकदा वाचून दाखवला. उपाशीपोटी साखर उत्तम, रक्तदाब उत्तम, चरबी तरुण माणसाला शोभेल अशी. शहात्तराव्या वर्षी. त्याने स्वतःची तपासणी गेल्या वर्षी केली होती, ती याच्यापुढे लाजिरवाणी होती असं तो म्हणाला. थोरलीच्या कागदावर मात्र तीन ठिकाणी लाल ठिपके होते: रक्त कमी, एक जीवनसत्त्व कमी, चरबी थोडी जास्त. आत्याचा एकच ठिपका होता आणि तिला तो मान्य नव्हता.

म्हणजे ठरल्याप्रमाणे दुकान चालू, असं मुलगा म्हणाला. काटेवाल्यांनी मान हलवली. जसं काही दुकान बंद करायचा विषय कधी निघालाच नव्हता.

विषय निघाला होता गेल्या हिवाळ्यात. घराच्या खाली, रस्त्यावर उघडणारं त्यांचं वजनकाट्यांच्या दुरुस्तीचं दुकान. वडिलांनंतर तेच चालवत होते. तिथल्या शिडीवर त्यांना घेरी आली. पडले नाहीत, कपाटाला धरून उभे राहिले, पण समोरच्या औषधवाल्याने काचेतून पाहिलं आणि मुलाला कळवलं. मग दोन महिने रोज फोन. शेवटी मुलाने तोडगा काढला. एक लॅब होती, तिचं सभासदत्व घेतलं की वर्षानुवर्षं तपासण्या होत राहत, आजार यायच्या आधीच त्याची चाहूल लागे, म्हातारपण धडधाकट जाई, असं तिचं म्हणणं. पहिली छोटी तपासणी सभासद होण्याआधीच करून देत. ती तिघांनी करायची. बाबांचा अहवाल चांगला आला तर दुकानाची किल्ली त्यांच्याकडे, नाही तर कुलूप. काटेवाले लगेच हो म्हणाले होते. फक्त एकच विचारलं होतं: तारीख कोणती?

तारीख कळल्याबरोबर त्यांनी तयारी सुरू केली.

तयारी हा या घरातला जुना शब्द होता. सरकारी निरीक्षक दर वर्षी काटे तपासून शिक्के मारायला येई, आणि येण्याची तारीख महिनाभर आधी कळे. तो महिना सासरे कोणाला बसू देत नसत. गिऱ्हाइकांचे काटे दुकानात गोळा होत. पारडी घासायची, दांडीच्या टोकांना तेल, झिजलेल्या वजनांच्या पोटात शिशाचा थेंब. थोरलीने नव्या नवरीच्या हातांनी राख आणि लिंबाने पितळ घासलं होतं. मुलं शाळेतून आली की वजनं पुसत बसत. निरीक्षकाच्या दिवशी एकूण एक काटा शून्यावर उभा असे. यात कोणाला काही लबाडी वाटत नसे. तपासणीला तयारी न करता जाणं हाच त्या घरात उद्धटपणा होता.

तेव्हा काटेवाल्यांनी तीन आठवडे स्वतःला घासलं. साखर बंद, पाव बंद, बटाटा बंद. सकाळ-संध्याकाळ नदीच्या पुलापर्यंत चालणं. आत्या बरोबर जाई आणि पावलं मोजी. थोरलीने उकडलेल्या भाज्या रांधल्या, फिक्क्या, मीठ नावाला. तपासणी झाली त्या दुपारी काटेवाले कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले आणि मोठा केक घेऊन आले. तिघांनी खाल्ला. थोरलीनेही खाल्ला. हसली होती ती तेव्हा.

आणि आठ दिवसांपूर्वी पायाचं झालं.

ती दुकानात चहा घेऊन गेली होती. काटेवाले एका भाजीवालीशी तिच्या काट्याबद्दल बोलत होते. त्यांच्या कोपराचा धक्का लागून दोन किलोचं वजन टेबलावरून सुटलं आणि त्यांच्या उजव्या पायावर पडलं. भाजीवाली दचकून मागे सरली. काटेवाले बोलत राहिले. काटा झुकतो तो पारड्यामुळे नाही, साखळीमुळे, हे त्यांनी तिला शेवटपर्यंत समजावून सांगितलं, आणि मग खाली पाहून म्हणाले, "हे कधी पडलं?"

संध्याकाळी मोजा काढला तेव्हा अंगठ्याचं नख निळं होतं. बूट जाड आहे म्हणून लागलं नाही, असं ते म्हणाले. बूट कापडी होते. थोरलीनेच आणलेले.

तिला सासऱ्यांचा पाय आठवला. त्यांनाही असंच कळेनासं झालं होतं. बुटात खिळा वर आलेला, दिवसभर त्यावर चालले, मोजा रक्ताने चिकटला तेव्हा समजलं. ती जखम दोन वर्षं टिकली. पाणी उकळायचं, कोमट करायचं, पट्टी भिजवायची, सोडवायची, धुवायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दुसऱ्या वर्षाअखेर पाय घोट्याच्या वर कापला, आणि ज्या माणसाने कोणाला बसू दिलं नाही तो या खिडकीशी बसून राहिला. मुलगी तेव्हा चार वर्षांची. तिला फक्त एवढं आठवत होतं की आजोबांच्या मांडीवर बसायला मनाई होती.

टेबलावर आता सभासदत्वाची निवड चालली होती. तीन प्रकार होते. हिरवं, निळं आणि सोनेरी. हिरव्यात वर्षातून एकदा तपासणी, वीसेक गोष्टी, दिवस आपण निवडायचा. निळ्यात वर्षातून दोनदा, साठेक गोष्टी. सोनेरीत शंभराच्या वर, आणि शेवटी शरीराचं खरं वय काढून देत.

"माझं खरं वय मी खात्यालाही कळू दिलं नव्हतं," आत्या म्हणाली.

मुलगा हसला. त्याने बोटांनी टेबल वाजवत सगळं भराभर मांडलं. तो रोज हेच करे; कुठल्या इमारतीच्या लिफ्टला किती वेळा बघायचं याचे करार ठरवणं हे त्याचं कामच. बाबांना हिरवं पुरे. आईला सोनेरी. आत्याला निळं. मुलगी म्हणाली की सोनेरी निव्वळ देखावा आहे, त्यातल्या निम्म्या तपासण्यांचं पुढे काय करायचं ते पत्रकात कुठे लिहिलेलंच नाही. तिने तीनदा शोधलं. आईला निळं द्या, आणि जिने कमी करा. जिने कमी करायचे तर आईने काही दिवस माझ्याकडे राहावं, असंही ती ओघात बोलून गेली. त्यावर मुलगा म्हणाला, तुझ्याकडे चौथा मजला आहे. ती म्हणाली, लिफ्ट आहे. तो म्हणाला, ती लिफ्ट मला माहीत आहे.

असं अर्धा तास चाललं. थोरलीच्या तीन लाल ठिपक्यांवर दोन्ही मुलं इतकी बोलली की ती स्वतः तिथे नसती तरी चाललं असतं. काटेवाले मधून मधून मुलाच्या बाजूने मान हलवत. बायकोला सोनेरी द्यायला त्यांची हरकत नव्हती. आत्या भावाच्या बाजूला होती, ती नेहमीच असे. तरुणपणी त्याने तिच्या नोकरीसाठी वडिलांशी भांडण घेतलं होतं आणि ते ती विसरली नव्हती.

थोरलीने मुलीपुढचं माहितीपत्रक ओढून घेतलं आणि चष्मा लावला. निळ्याच्या रकान्यात मुलीने एका ओळीखाली रेघ मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं: गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर, ही उपाशी राहून बदलत नाही. हिरव्याच्या रकान्यात ती ओळ नव्हती.

तिने ती दोनदा वाचली. गप्प बसायला कारणही होतं. किल्ली त्यांच्या हातात होती, आणि सकाळी कुलूप उघडल्याचा आवाज वरपर्यंत येई तो तिला पन्नास वर्षं ऐकायची सवय होती.

"यांना हिरवं नको," ती म्हणाली. "निळं घ्या."

मुलगा म्हणाला, कशाला, आई. उत्तम आहेत ते.

"निळ्यात तीन महिन्यांची साखर आहे."

"पण बाबांची साखर—"

"ती त्या एका दिवसाची. तीन आठवडे तयारी केली त्यांनी."

तयारी म्हटल्याबरोबर मुलगा हसला. लहानपणचे हात आठवले असावेत, पितळेच्या वासाचे. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने बापाकडे पाहिलं. काटेवाले आपल्या अहवालाकडे पाहत होते.

"आणि उजव्या पायाला त्यांच्या कळत नाही," थोरली म्हणाली. "दोन किलोचं वजन पडलं तरी कळलं नाही. मामंजींचं असंच सुरू झालं होतं."

मुलगी पेन्सिल हातात धरून तशीच बसली. काटेवाल्यांनी अहवालाची घडी घातली, एकदा, दोनदा, खिशात मावेल इतकी.

"झालं तुझं?" ते म्हणाले.

"झालं."

ते उठले आणि जिना उतरून दुकानात गेले. जिन्यावरची त्यांची पावलं सावकाश होती, कठडा धरलेली. सगळे ती ऐकत बसले. असं ऐकणं तोवर कोणी केलं नव्हतं.

पहिली आत्या बोलली. आवाज चढवला नाही.

"वहिनी, एकतीस वर्षं मी फोन कानाला लावून बसले होते. लोक काय काय बोलायचे. मी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही."

"तुम्हाला पाय धुवावा लागला नव्हता, वन्सं."

त्या दोन वर्षांत आत्याची खात्यातली पाळी सकाळ-संध्याकाळचीच असे. कशी काय, हे दोघींनी कधी काढलं नव्हतं. आत्या उठून आपल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

मग मुलगी वळली, ती आईवर. तुला तीन आठवडे माहीत होतं, ती म्हणाली. स्वयंपाक तूच करत होतीस. थोरली हो म्हणाली. मग तेव्हा का नाही सांगितलंस? तिलाही दुकान चालू राहायला हवं होतं, हे खरं होतं, पण ते सांगून काही सुटलं नसतं. शिवाय केक तिनेही खाल्ला होता.

मुलाने आपल्या धंद्याचा नियम सांगितला. लिफ्टमध्ये दोष दिसला की आधी बंदची पाटी लावायची, मग आत शिरायचं. तेव्हा उद्यापासून दुकानाला कुलूप. इथे मुलीने बाजू बदलली. अर्ध्या तासापूर्वी आईला घेऊन जायला निघालेली मुलगी म्हणाली की बाबा काही लिफ्ट नाहीत, आणि कुलूप लावलंत तर पुढच्या वेळी ते सहा महिने तयारी करतील. मुलगा म्हणाला, मग काय, शिडीवर चढू द्यायचं? दोघांचे आवाज वाढले. लहानपणी वजनांच्या डब्यावरून भांडत तसे.

थोरलीने हाताने टेबल दाबलं, म्हणजे ते ठोकलं नाही एवढंच.

"किल्ली आणि रक्त तुम्ही एका दोरीला बांधलंत," ती म्हणाली. "आधी ती दोरी सोडा. अहवाल काही येवो, किल्ली त्यांच्याकडेच राहील. तरच ते खरं रक्त देतील."

मुलाला ते पटलं नाही. त्याने बराच वेळ पटवून न घेता काढला. मग दुपारपर्यंतच दुकान, शिडी वर आणून ठेवायची, दुकानात जाड बूट, अशा अटी घालत घालत तो तिथवर आला. बहिणीने त्या अटी माहितीपत्रकाच्या मागे लिहून काढल्या आणि त्याची सही घेतली. सही कशाला, असं तो म्हणाला, पण केली.

तासाभराने काटेवाले वर आले. हाताला तेल होतं. मुलाने त्यांना अटी सांगितल्या, जरा अडखळत, जणू तोच तपासणीला उभा होता. त्यांनी ऐकून घेतल्या. हात धुऊन आले आणि म्हणाले, फॉर्म कुठे आहे?

त्यांनी स्वतःच भरला, कोणाला न विचारता, ठसठशीत अक्षरात. सभासदत्व: निळं. तपासणीचा दिवस सभासद ठरवील की लॅब कळवील, अशा दोन चौकोनांपुढे ते थांबले. तुम्हाला वाटेल तो दिवस घ्या बाबा, मुलगी म्हणाली. त्यांनी लॅबच्या चौकोनात खूण केली. मग शेवटचा रकाना लिहून कागद थोरलीकडे सरकवला. घरातला कुठलाही कागद बाहेर जाण्याआधी ती वाची. त्यांचं स्पष्टीकरण लांबत जाई आणि तारखा चुकत.

तिने वरपासून वाचलं. शेवटचा रकाना होता: अहवाल सभासदाखेरीज आणखी कोणाला कळवावा. एकाच माणसाला जागा होती. तिथे त्यांनी बहीण असं लिहून आत्याचा फोन नंबर घातला होता.

मुलीने खांद्यावरून वाकून पाहिलं आणि काही म्हणणार होती. थोरलीने तिच्या मनगटावर हात ठेवला. पन्नास वर्षांत यांच्या ताटात काय पडलं आणि अंगाला काय लागलं हे तिच्याखेरीज कोणाला विचारायची वेळ आली नव्हती. आता तिला वन्संच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागणार होतं, आणि वन्संचा चेहरा त्या बाबतीत काही कामाचा नव्हता.

"सही राहिलीय," ती म्हणाली.

त्यांनी सही केली.

लॅबचा फोन मंगळवारी संध्याकाळी आला आणि बुधवारी सकाळी सात वाजता रक्त घ्यायला लॅबची एक मुलगी आली. तिच्याजवळ बर्फाची पेटी होती आणि ती घाईत होती. घरचं कोणी बसणार का, असं तिने विचारलं. बहीण आहे, काटेवाले म्हणाले. थोरली स्वयंपाकघरात गेली. दार कोणी लावून घेतलं नाही. तिने नळ सोडला होता तो बंद केला.

रबरी पट्टा ताणल्याचा आवाज आला. मूठ आवळा, असं त्या मुलीने सांगितलं.

"ही तीन महिन्यांची साखर," काटेवाले म्हणाले. "म्हणजे आजपासून मागे?"

"हो काका. साधारण तेवढी."

"मधे एखाद्याने तीन आठवडे पथ्य केलं असलं तर?"

"तेवढा फरक दिसतो. पण आधीचं पुसलं जात नाही. नंतरचंही नाही."

थोरली ओट्याला टेकून उभी होती. बाहेर आवळलेला पट्टा पुन्हा सैल केल्याचा आवाज आला. त्या मुलीने घड्याळ पाहिलं असावं, कारण ती म्हणाली की नंतर यायचं असेल तर तसं लिहून घेते, पुढच्या महिन्यातली तारीख मिळेल.

"नको," काटेवाले म्हणाले. "आजचंच घ्या."